गिऱ्हाइकाची खुर्ची

चपलांच्या त्या मोठ्या दुकानात सगळे तिला मावशी म्हणत. दिवसभर लोकांच्या पायाशी वाकून जोडे घालायचे, काढायचे आणि वर हसून म्हणायचं, "बसा ना, आरामात बसा." तिला स्वतःला टेकायला पूर्वी एक स्टूल होतं. नव्या मॅनेजरने ते उचलून माळ्यावर टाकलं. का, तर बसलेली बाई आळशी दिसते म्हणे!

संध्याकाळपर्यंत मावशीचे पाय असे सुजत, की घरी सून कोमट पाण्याची बादली घेऊन दारातच उभी असायची. एकदा मावशीने मॅनेजरला सांगून पाहिलं. तो शहाणा म्हणाला, "मावशी, दुखणं पायात नसतं, डोक्यात असतं."

आणि मग सगळ्यांची डोकी दुरुस्त करायला त्याने ध्यान शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या. दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि त्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "आता आरामात बसा, डोळे मिटा आणि मन मोकळं करा."

बसा? कुठे, यांच्या डोक्यावर? मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक जाऊन गिऱ्हाइकांच्या गुबगुबीत खुर्चीत बसली.

"मावशी, उठा आधी! ती गिऱ्हाइकांची खुर्ची आहे," मॅनेजर खेकसला.

"मग आज मला गिऱ्हाईक समजा." मावशीने चप्पल काढून सुजलेला पाय त्याच्यापुढे धरला. "वाका जरा, आणि बघा माझं डोकं किती सुजलंय ते."