बेगोलवालीचा थांबा

बेगोलवालीबद्दल तेसिकला फार काही सांगता येणार नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दोघांचा जन्म एकाच गल्लीत गेला, पण तिचं नाव प्यो ओक्बुन होतं हे त्याला ती गेल्यावर, शोकगृहाबाहेरच्या पाटीवर वाचून कळलं. लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची, म्हणून ती बेगोलवाली.

बेगोल म्हणजे टेकडीच्या अंगाचं, नासपातीच्या बागांचं गाव. त्याच्याखाली तेसिकचं गाव. शहर वाढत आलं तशी दोन्ही गावं एका वस्तीत जिरून गेली. बागांच्या जागी वीसमजली इमारती आल्या आणि बसथांब्याला त्या इमारतींचं नाव लागलं. बेगोलवालीला तेवढं मात्र पटलं नाही. बाजारातून परतताना ती बसमध्ये चढली की म्हणायची, "बेगोलला उतरव बाबा."

"आजी, असा थांबाच नाही."

"नाही कसा? मी जन्मले तिथं."

तेसिक मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसायचा. तिच्या ते लक्षात यायचंच.

"ते बघ खालच्या गावचे. यांच्याकडे धड विहीर नव्हती, पाणी आमच्याकडून न्यायचे. आता ओळख दाखवत नाहीत."

"पाणी मचूळ होतं, वहिनी," तेसिक पुटपुटायचा.

आधी ड्रायव्हर कंटाळले, मग त्यांना सवय झाली. "बेगोल आलं, आजी," असं तेच सांगू लागले. ऐकून ऐकून शाळेच्या मुलीही तसंच म्हणू लागल्या. पुढे इमारतींनी नवं झोकदार नाव घेतलं आणि थांब्याचं नाव बदलायची वेळ आली. पालिकेनं लोकांना विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: बदलायचं कशाला, बेगोलच आहे ना ते?

बसमधल्या ध्वनिफितीवर पहिल्यांदा बाईच्या आवाजात "पुढचा थांबा बेगोल" ऐकू आलं तेव्हा ती मुळ्याच्या पिशवीची गाठ आवळत होती.

"ऐकलंत ना, आजी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ऐकलं. बाई जरा घाईनं बोलते."

पण त्या दिवशी घरी जाताना ती गल्लीभर गुणगुणत होती. त्यानंतरही ड्रायव्हरला सांगायचं काही तिनं सोडलं नाही.

शेवटची भेट थांब्यावरचीच. दोघं बसमधून उतरली होती.

"उद्या बाजाराला येणार ना?" तेसिकनं विचारलं.

"गुडघा काय म्हणतो बघू. नाही आले तर टोफू आणा, घट्ट बघून. आणि कुठं उतरायचं ते ड्रायव्हरला सांगा. गप्प बसून राहाल."

"सांगतो, वहिनी."