यजमान बाहेर, पाहुणे आत

सोलापुरात आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं अगदी मोजकी. पुरुष कुणी गिरणीच्या कचेरीत, कुणी रेल्वेत. आम्ही नेमके कोण, हे गावाला कधी धड कळलं नाही. मूर्ती नाही म्हणून कुणी आम्हाला मुसलमान समजे, मोशेचं नाव घेतो म्हणून कुणी किरिस्ताव. कुणी जाणता भेटलाच तर तो कोकणातलं जुनं नाव काढून शनवारतेली म्हणे, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. जन्मात घाण्याजवळ न गेलेले माझे सासरे त्या नावानं दिवसभर धुमसत.

मामंजी गिरणीत कारकून होते आणि आमच्या समाजाचे कीर्तनकार. पगडी, उपरणं, हातात चिपळ्या. साक्या आणि दिंड्यांतून मोशेचं आख्यान असं लावत की काटा यावा. पण ऐकायला माणसं तीच. सगळ्यांना पाठ, म्हणून मिसरच्या राजाच्या दरबारापर्यंत निम्मी डुलक्या घेत. मामंजींची एकच इच्छा उरली होती. आवाज जायच्या आत हे आख्यान एकदा गावानं ऐकावं, आणि आम्ही कोण ते गावाला कळावं.

तशात थिएटरात मोशेचा मूकपट आला. मूकपटाची गोष्ट तेव्हा कुणीतरी पडद्याशेजारी उभं राहून सांगायची असे. मामंजी हरखले. "पडद्यावर मोशे, शेजारी मी. आता आणखी काय सांगायचं राहिलं?" मालकानं आमच्या समाजासाठी शनिवारी तिन्हीसांजेचा खेळ दिला, कारण त्यानंतर त्याचा रोजचा खेळ होता. आम्ही प्रत्येक घरानं शेजारीपाजारी आवतण दिलं.

आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. तोवर वाद्याला हात नाही की खेळतमाशा नाही. चैत्रात सोलापूरला चांदण्यांची काय वाण, असा मामंजींचा हिशेब. नेमकं त्याच दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पडायचा विचारही दिसला नाही. ढग नुसते ठाण मांडून बसले.

घंटा झाली. पाहुणे आत खुर्च्यांवर, आणि आम्ही यजमान सहकुटुंब बाहेर पटांगणात माना वर करून उभे.

"बाबा, अंधार पडला, सुटला असेल की," आमचे हे म्हणाले. "घड्याळ तरी बघा."

"आपल्याला चांदण्या सांगितल्यात, घड्याळ नाही," मामंजी म्हणाले.

मालक थांबतो कशाला? त्यानं खेळ लावला आणि गोष्ट सांगायला आपला रोजचा माणूस उभा केला. मी दाराच्या पडद्याशी सरकले. पाहणं मना असलं तरी ऐकू येण्याला माझा काय इलाज, असा निवाडा मी स्वतःपुरता केला होता. तान्ह्या मोशेला टोपलीत घालून नदीत सोडतात, ही गोष्ट त्या माणसाला ठाऊक नव्हती, पण म्हणून तो अडणारा नव्हता. "बगा मंडळी! टोपलीत कान्हा! ह्यो यमुनेचा पूर, आन ह्यो मेला कंस!" समुद्र दुभंगला तेव्हा त्यानं अख्खं गोकुळ त्यातून पार नेलं. आत टाळ्या, शिट्ट्या. कुणी तरी उंबऱ्यावर नारळही फोडला.

इतक्यात आमची शेजारीण बाहेर आली. ती पद्मशाळ्यांची, घरात माग.

"वैनी, आमास्नी बोलावलं आन तुमीच भाईर? मामांच्या मानेत लचक भरली का?"

मी तिला चांदण्यांचं सांगितलं. तिनं पदर खोचला आणि तीही वर बघत राहिली. उरलेला खेळ तिनं पाहिलाच नाही. शेवटी तिसरी चांदणी तिलाच दिसली. "ती बगा की! तितं, धुराड्याच्या अंगाला!"

मामंजी पगडी सावरत, चिपळ्या घेऊन धावले. दारातच लोक बाहेर पडत होते. एकानं वाकून नमस्कार केला. "कृष्णाचा खेळ लई झ्याक लावलात, बुवा." मला त्या मालकाचा, ढगांचा आणि खरं तर मामंजींचाही असा संताप आला की रडूच फुटलं. घरी टांग्यातून उतरताना मामंजी एवढंच म्हणाले, "टोपली तेवढी बरोबर होती."

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून हाक आली. "मामा, निगाल्या बरं का! तिन्हीबी!" मग दर शनिवारी ती येतच राहिली. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तर आमचा शब्बाथ तिच्याच हाकेवर सुटू लागला.

एकदा हाक मारून ती गेली नाही. भिंतीवर कोपरं टेकून म्हणाली, "मामा, त्या दिशी ऱ्हायलेलं आज सांगा की."

मामंजींनी मला पगडी आणि चिपळ्या आणायला सांगितल्या. ओट्यावर उभे राहून त्यांनी आख्यान लावलं. टोपली नदीत सोडली तशी ती मधेच म्हणाली, "ह्यो कान्हा न्हवं ना, मामा?"

"नव्हे," मामंजी म्हणाले. त्यांनी चिपळ्या पुन्हा उचलल्या आणि आख्यान पहिल्यापासून सुरू केलं.