मुदलाळीची परात

“पोरीचे पण केस झटकून घे,” मुदलाळी म्हणाला. माझ्याकडं न बघता, आप्पांना.

मुदलाळी म्हणजे मालक. मद्रासला मैलापूरच्या देवळामागं त्याचा दागिन्यांचा कारखाना होता. तिथली रीत अशी, की बाहेर पडताना दाराशी ठेवलेल्या पितळी परातीवर वाकायचं. केस झटकायचे, शर्ट झटकायचा, मग बादलीत हातपाय धुवायचे. सोन्याचा कण अंगाला चिकटून बाहेर जाऊ नये म्हणून. ती धूळ, ते पाणी जपून ठेवायचे आणि गोळा झालं की आमच्या दुकानात पाठवायचे. माझे आप्पा गलाईवाले. मूस भट्टीत ठेवायची, तेजाबात सोनं गाळायचं, त्या धुळीतलं सोनं काढून मुदलाळीला परत नेऊन द्यायचं. सांगलीकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष देशभर हेच करतात.

म्हणजे मी केसांतून काही नेलंच असतं, तर ते आमच्याच दुकानात आलं असतं आणि आप्पांनीच गाळून त्याला परत दिलं असतं. एवढी अक्कल त्याला नव्हती असं नाही. त्याला आम्हाला वाकवायचं होतं.

मी तिथं कामाला गेले नव्हते. कारागिरांच्या खोलीतून आत त्याच्या गादीपर्यंत गेले आणि परत आले, एवढंच. त्याचा मुलगाही त्याच खोलीतून मोबाइलवर बोलत बाहेर गेला. त्याला कुणी वाकवलं नाही. हा मुलगा माझ्याच ट्यूशनला होता. बायोलॉजीत माझ्या वह्या मागून न्यायचा. त्याला मेडिकलला सीट मिळाली होती. मामाच्या कॉलेजात.

मला मिळाली नव्हती. ते दोन हजार तीन-चारचं साल. बारावीला चांगले मार्क होते, इथल्या प्रवेश परीक्षेतही होते. पण जातीचा दाखला गावच्या तहसीलचा. इथले म्हणाले, हा महाराष्ट्राचा कागद, इथं चालत नाही, ओपनमध्ये बसा. ओपनची यादी माझ्या वरच संपली. मग आप्पा मोठ्या उमेदीनं गाडीत बसून गावाकडं गेले. तिथले म्हणाले, पोरीची दहावी-बारावी मद्रासची, ती आमची नाही. आप्पांना ते कळेचना. “घर हितं, शेत हितं, कुळदैवत हितं. मग पोरगी कुणाची?” असं विचारून आले.

चूक आप्पांचीच होती आणि ती आमच्यातले सगळे करतात. इथं एका खोलीत जन्म काढायचा आणि गावाकडं स्लॅबचं घर बांधायचं. कधीतरी परत जायचंय म्हणून रेशनकार्ड तिकडं, मत तिकडं, दाखले तिकडं. इथला एक कागद करून घेतला नाही. घर मात्र झालं. दोन मजली. कुलूप लावलेलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा तेच. म्हणून आप्पा मला घेऊन मुदलाळीकडं गेले होते, मेहुण्याच्या कॉलेजात एक शब्द टाका म्हणायला. हात जोडून उभे राहिले. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं. तेजाबाच्या धुरानं खोकला लागलाय त्यांना, मला कळायला लागल्यापासून. प्रत्येक डॉक्टर विचारायचा, बिडी किती ओढतोस? त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. काय काम करता, हे एकानं विचारलं नाही. मला डॉक्टर व्हायचं होतं ते त्या न विचारलेल्या प्रश्नामुळं. मला तो प्रश्न विचारायचा होता.

मुदलाळी हसला. “ए मराठी, नर्सिंगला घाल हिला, मी सांगतो तिकडं. नाहीतर रशियाला पाठव. इथला टाकाऊ माल तिकडं खपतो.”

आप्पाही हसले. बरोबर आहे मुदलाळी, म्हणाले. आणि निघताना दाराशी ते परातीचं.

आप्पांनी आधी आपले केस झटकले, शर्ट झटकला. मग मला हळूच मराठीत म्हणाले, “झटक की गं. रीत हाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुदलाळीचा राग आलाच, पण आप्पांचा जास्त आला. माझी वेणी घट्ट घातलेली होती. चार कारागीर हातातलं काम थांबवून बघत होते. मी मुदलाळीकडं वळून तमिळमध्ये म्हणाले, “माझ्या केसात तुमचं काही नाही.” आणि बाहेर पडले. हातपायही धुतले नाहीत.

घरी आईनं आधी मला शिव्या घातल्या. मग जेवायला वाढताना समजूत काढायला लागली. “टाकाऊ म्हणाला तर म्हणू दे. कचऱ्यातनंच सोनं काढतो की आपण.” मला ते अजिबात गोड वाटलं नाही. मी कचरा नाही. माझ्यातून काही काढून दाखवायची गरज नाही.

पण मुदलाळीचं बोलणं डोक्यात बसलं. तिरुवल्लिकेणी भागात एका मॅन्शनखाली, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजखाली, एजंटचं ऑफिस होतं. भिंतीवर बर्फातल्या कॉलेजचा फोटो. त्यानं आधीच रशियातल्या कॉलेजात माझी जागा पक्की होते म्हणून सांगितलं होतं, आणि मी नाही म्हणून आले होते. आता तर जायचंच नाही असं ठरवलं. गेले तर मुदलाळीचं खरं झालं. परत आल्यावर इथं परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून उभं राहता येत नाही, हेही एजंटनंच सांगितलं होतं. मामाच्या कॉलेजातल्या पोराला ती परीक्षा नाही. मला वाटलं, ही तर तीच परात. बाहेरून आलीस ना, मग झटकून दाखव.

आठवडा गेला. एका संध्याकाळी आप्पा मुदलाळीकडून धूळ घेऊन आले. काम सुटलं नव्हतं. आईनं विचारलं, कसं काय ऐकलं त्यानं? आप्पा भाताला रसम कालवत म्हणाले, “पोरीच्या वाटचं तूच झटक म्हनला. शर्ट काढून झटकला. सगळी हासली. मिटलं.”

मिटलं. पापड घ्या म्हटल्यासारखं म्हणाले. त्यांना ते लागलंच नव्हतं. का लागलं होतं आणि इतक्या वर्षांत ते गिळायची सवय झाली होती? मला आजही माहीत नाही. मी इथं थांबले तर आणखी एक वर्ष, आणखी एक परीक्षा, आणि दर वेळी माझ्यासाठी कुठल्या तरी दारात हा माणूस शर्ट काढणार. हे मला लख्ख दिसलं.

मी म्हणाले, “आप्पा, मी रशियाला जाते. फीसाठी गावचं घर विका.”

आई रडायला लागली. आप्पांचा हात ताटातच थांबला. “घर?” म्हणाले. “मग परत कुठं जायचं?”

“कुठंच नाही. त्या घरापायी आपण इथले झालो नाही आणि तिथल्यांनी आपल्याला ओळखलं नाही. आणि तुम्ही त्या परातीपुढं परत उभं राहायचं नाही. धूळ पाठवायची तर त्यानं माणूस पाठवावा.”

“काम जाईल.”

“जाऊ दे.”

आप्पा खोकत राहिले. घर दिवाळीच्या आत विकलं.

मला टाकाऊ म्हणणारे पुढंही भेटले. विमानात बसायच्या आधीच भेटले, नात्यातलेच. मी एवढंच ठरवलं होतं. परत येईन ती मद्रासलाच. ती परीक्षा देईन. नापास झाले तर पुन्हा देईन, केस पांढरे होईपर्यंत देईन. आधी मला ती परातच वाटली होती, पण ती परीक्षा विचारते, तुला काय येतं. मुदलाळीची परात विचारते, तू काय चोरलंस. त्या प्रश्नाला मी वाकणार नाही. माझ्या बापालाही वाकू देणार नाही.