पडलेल्याची मिसळ

आमच्या सायकलवाल्यांत एक रीत होती. रविवारी जो पडेल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. स्वतःच्या चुकीने पडला तर स्वतः, आणि कुणी गाडीवाल्याने पाडलं तर त्या गाडीवाल्याने. सकाळी इंदिरानगरातून निघायचं, त्र्यंबक रस्त्याला लागायचं आणि पुढे उजवीकडे वळून मळ्यातल्या मिसळीच्या हॉटेलात घुसायचं. आम्ही सगळी पन्नाशी-साठीची मंडळी. कुणी निवृत्त, कुणाचं दुकान, एक-दोघं डॉक्टर. पडलेल्याच्या गुडघ्याला मलम लागेस्तोवर टेबलावर पापड आलेला असायचा. मी या रितीला पहिल्यापासून नाक मुरडायचे. लोक म्हणायचे, काकूंना सगळ्यात खोट दिसते.

मळ्याकडे वळायची ती जागाच वाईट. शनिवार-रविवार त्र्यंबकेश्वरला निघालेल्या गाड्या सुसाट येतात, आणि निम्म्यांचा एक डोळा मोबाईलवर. आमचे हे तिथेच पडले. हात दाखवून उजवीकडे वळत होते, मागून गाडी आली आणि कॅरिअरला लागली. हे रस्त्यावर, कोपर सोललेलं. गाडीतून पंचविशीतला एक मुलगा उतरला, मोबाईल अजून हातातच.

“काका, चुकलं. मॅप बघत होतो,” म्हणाला आणि यांच्या पाया पडून रडायलाच लागला. यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, वर पाठीवरून हात फिरवला.

“अहो, पडलाय तुम्ही आणि डोळे त्याचे पुसताय?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उठा, आधी चौकीत चला.”

“अगं, कबूल केलं ना त्याने? त्याच्या मागे पोलिसांचं शुक्लकाष्ठ कशाला लावायचं?”

झालं. दहा माणसं जमली होती, दहाही म्हणाली, जाऊ द्या काकू, मिटवा. तो मुलगा आमच्याबरोबर मिसळ खायला बसला. जादाचे दोन पाव खाल्ले त्याने. हे त्याला सांगत होते, तर्री जपून घे रे, इथली झणझणीत असते. जाताना त्याने सगळ्यांबरोबर फोटो काढला. मी त्या फोटोत नाही, मी रागाने सायकलजवळ उभी होते.

राग काही उतरेना. मी अर्ज घेऊन एका सरकारी ऑफिसात गेले, म्हटलं त्या वळणावर गतिरोधक टाका. तिथले गृहस्थ अगदी सभ्य. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, या जागी अपघाताची नोंदच नाही हो. नोंद असती तर तुमची मागणी वर पाठवता आली असती.”

“अहो, आमच्यातले निम्मे पडलेत तिथे!”

“मग कळवलं का नाही?”

मिसळ खाल्ली, असं सांगायचं? मी अर्ज तसाच घेऊन घरी आले.

पुढच्या रविवारी मळ्यात सगळ्यांसमोर हा विषय काढला. म्हटलं, यापुढे कुणाला गाडी लागली तर आधी चौकी, मग मिसळ. सगळ्यात आधी माझी मैत्रीणच हसली. ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. चाळिशी उलटल्यावर सायकल शिकली, मीच शिकवली. मी मागून कॅरिअर धरायचे आणि ती अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडायची, “ताई, सोडू नको, सोडू नको गं!” तिलाही त्याच वळणावर एका गाडीचा आरसा लागला होता. दंडावर हा एवढा काळानिळा डाग.

“तो बिचारा थांबला, सॉरी म्हणाला. आता त्याच्यावर केस घालू?” ती म्हणाली. “ताई, तू खरं तर फौजदारच व्हायचीस!” सगळे हसले. शेवटी मीही हसले, कारण ती बोलायला लागली की माणसाला हसू आवरायचंच नाही. तिने माझ्या ताटात जिलबी वाढली आणि विषय तिथेच राहिला.

पुढे तिचा मोठा अपघात झाला तोही त्याच वळणावर. ती पुढे होती, हात दाखवून वळत होती. तिच्या मागे हे, त्यांच्या मागे मी, बाकीचे बरेच मागे. गाडी आमच्या शेजारून गेली आणि तिला मागून उडवलं. आम्ही पोचलो तर गाडीत स्टिअरिंगजवळ लावलेल्या फोनवर व्हिडिओ कॉल चालूच होता. फोनवरची बाई अजून “हॅलो, हॅलो, काय झालं?” करत होती. ड्रायव्हर चांगला पोक्त माणूस. त्यानेच तिला स्वतःच्या गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, बाहेर बाकावर डोकं धरून बसला. त्या माणसाचा मला धड रागसुद्धा करता येत नाही, आणि त्यामुळेच माझा जास्त जळफळाट होतो.

दवाखान्याने कळवलं म्हणून पोलीस आले होते. तिच्या नवऱ्याने त्यांना सांगितलं, “आमची काही तक्रार नाही. माणूस चांगला आहे, सगळं करतोय.” मी तिथेच उभी होते. मी तिच्या नवऱ्याला दंडाला धरून बाजूला नेलं, समजावलं. ते म्हणाले, “वहिनी, ती आत तशी पडलीय, आता भांडण नको.” अशा वेळी कुणावर ओरडायचं?

तिच्या मेंदूला मार लागला होता. ती शुद्धीवर आली, पण पहिल्यासारखी होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला आता जन्मभर कुणीतरी भरवायला, उठवायला लागणार. हे कळल्यावर त्या चांगल्या माणसाचा फोन लागेनासा झाला. मग त्याच्या वकिलाचं म्हणणं आलं. बाई अचानक आडव्या आल्या, फोन चालू नव्हताच. म्हणजे चूक तिची! जी बाई गल्लीतसुद्धा हात दाखवल्याशिवाय वळायची नाही, तिची!

तेव्हा सगळे चौकीत गेले. आता सगळ्यांनाच जायचं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सायकल कुठाय? मार मागून बसला की बाजूने, ते तिच्यावरूनच कळेल.”

यांनी मान खाली घातली. सायकल यांनीच नेली होती. मैत्रीण बरी होऊन येईल तेव्हा तिला दिसावी म्हणून ग्रुपने मिळून नीट करून घेतली होती. नवं चाक, लाल रंग, वर नवी घंटी. दुकानातून आणली त्या दिवशी हे किती खुश होते! मीही म्हटलं होतं, रंग छान आलाय.

“मागचं चाक?”

“भंगारात गेलं, साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवला. मग म्हणाले, “त्या वळणावर याआधी काही?” यांनी सदऱ्याची बाही वर केली, कोपरावरचा व्रण दाखवला. “साहेब, मी पण तिथेच. तो पोरगाही मोबाईलच बघत होता.” कोणती गाडी, नंबर काय, त्याचं नाव काय? यांना काही सांगता येईना. दोन पाव जादा खाल्ले होते, एवढंच आठवत होतं.

केस उभी आहे. साक्षीदार आम्ही दोघं नवरा-बायको, आणि आम्ही तिच्या घरचेच, असं पलीकडचा वकील म्हणतो. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही. खरंच वाटत नाही. रस्त्यात कुणी सायकलवाला लंगडताना दिसला की मी अजूनही स्कूटर थांबवून सांगते, बाबा, गाडीचा नंबर घे, सायकलला हात लावू नको, आधी चौकीत जा. तो खरचटलेला गुडघा झाडत म्हणतो, “जाऊ द्या काकू, सॉरी म्हणाला ना तो.”

आता रविवारी कुणी सायकल काढत नाही. सकाळी आम्ही दोघं समोर तिच्याकडे जातो. तिला गॅलरीत खुर्चीवर बसवलेलं असतं. शेजारी ती लाल सायकल असते, पण ती कुणाची, असं ती मलाच विचारते. आपण पडलो होतो हे तिला ठाऊक नाही. तिचा नवरा तिला चमच्याने पेज भरवतो. मला बघितलं की मात्र तिला रविवार आठवतो, चेहरा एकदम खुलतो.

“ताई,” ती विचारते, “आज कोण पडलं गं?”

हे उठून आत निघून जातात. मी तिचं तोंड पुसते आणि सांगते, “कुणी नाही गं.”

“अगंबाई,” ती हिरमुसते. “मग मिसळ नाही?”