दुरुस्त झालेलं काळीज

बँकॉकपासून लांब, ईशान्येकडच्या आमच्या गावात पुरुषांनी नखं रंगवली तर कोणी हसत नाही. धडधाकट माणूस जेवूनखाऊन झोपतो आणि सकाळी उठतच नाही, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एका विधवेचं भूत नवरा शोधत फिरतं म्हणतात. तिला चकवायला पुरुष नखं लाल करून, बायकोचे कपडे घालून झोपतात.

खाम्पुनदादाचे दोन्ही भाऊ असेच गेले. तो माझ्या शेजारच्या चुलाण्यावर खारं पाणी उकळून मीठ काढायचा. अंगाने नुसता रेडा, पण संध्याकाळ झाली की नखं रंगवून घ्यायला बायकोपुढे मुकाट हात पसरून बसायचा. आता वेणीही घाल, असं मी त्याला चिडवायचे.

तरी एकदा झोपेत त्याला घरघर लागली. बुआलोयवहिनीने छातीवर बुक्क्या मारमारून त्याला परत आणला. बँकॉकच्या डॉक्टरांनी भूतबीत काही नाही म्हणून सांगितलं. हृदयाच्या बाहेरच्या अंगाला थोडी जागा बिघडलेली होती, तिथून ठोके विस्कटायचे. आधी छातीत यंत्र बसवलं. ठोके बिघडले की ते म्हशीने लाथ मारावी तसा धक्का द्यायचं. धक्के फार वाढले, तेव्हा बारीक नळ्या हृदयापर्यंत नेऊन ती जागाच जाळून टाकली. त्यानंतर एकही धक्का बसला नाही.

निघताना डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, की हे रक्तातून येतं, मुलाची तपासणी करून घ्या. वहिनी तेव्हा औषधं आणायला गेली होती. दादाने मान डोलावली आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. मुलगा वीरयुत तैवानला कारखान्यात होता.

वहिनीचं गणित वेगळंच. नवरा हातचा सुटला, आता ती बया मुलावर डोळा ठेवणार. तिने लाल रंगाची बाटली तैवानला धाडली आणि फोनवर पोराला शपथ घातली. दादा शेजारीच बसून ऐकत होता. मला त्याचा आजही संताप येतो.

पोरगं गुणी. सगळे टर उडवायचे तरी नखं रंगवायचा, असं त्याच्या सोबत्याने नंतर सांगितलं. पावसाळा सरता सरता तो झोपेतच गेला. त्याच्या अस्थी घेऊन तो सोबतीच गावी आला.

विहारातून परतल्यावर वहिनी भुताला शिव्याशाप देत बसली होती. रंग हलका पडला असेल, मीच गडद पाठवायला हवा होता, असं घोकत होती. दादाला ते ऐकवेना.

"भूत नव्हतं गं. माझंच दुखणं त्याच्यात गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला."

वहिनीने विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"कारखान्याला कळलं असतं तर कामावरून काढलं असतं. परत आला असता तो."

"आला असता," वहिनी म्हणाली.