कांड्यांच्या सुताची गाठ
आज साडीला फॉल लावताना दोरा तुटला आणि बोटांनी आपणहून गाठ मारली. ही गाठ मला, मी भिवंडीच्या शाळेत शिकवत असताना, सहावीतल्या एका मुलीने शिकवली होती. घरचं एखादं काम प्रत्येकाने वर्गाला शिकवायचं, असा तो उपक्रम होता. तिची आई लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. तुटलेलं सूत जोडायची गाठ शिकवायला मुलीने तिथल्या सुताचे दोन तुकडे आणले होते, त्यांना मशीनच्या तेलाचा वास होता. माझी गाठ सारखी सुटत होती. "आसा न्हाय बाई, आंगठा दाबून धरा," म्हणत तिने माझा अंगठा स्वतःच दाबून धरला. गाठ बसली. वर्ग हसला, तीही हसली. मग मी टेबलाशी जाऊन मूल्यमापनाचा तक्ता भरला. 'प्रमाण भाषेत सांगते का' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि तिला 'मागे' या गटात टाकलं. ती शेजारी उभी राहून वाचत होती. सूत मुठीत घेऊन ती जागेवर जाऊन बसली. पुढच्या खेपेला तिची वेळ आली तेव्हा म्हणाली, "मना कायच येत न्हाय." मी तेही लिहून घेतलं. फॉल लावून झाला. गाठ पक्की बसलीय. तिचं नाव मला आठवत नाही.