नळाच्या बदल्यात नातालिनो

आमच्या गावाला आजवर जी काही मदत मिळाली ती ओलांदिनामुळे. सगळं गाव तिला तिया म्हणतं, मावशी. खालच्या वळणावर जीप दिसली की गावप्रमुख लिबोरियो प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो आणि तिला बोलावणं धाडतो. पाहुणे बसले की ती सांगते. नव्याण्णव सालच्या सप्टेंबरात, आम्ही स्वातंत्र्याला मत दिलं म्हणून, बंदूकवाले घरं जाळत होते, आम्ही सगळे रानात पळालो होतो. तिचा मुलगा नातालिनो मका आणायला खाली घरी गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोधायला गेली, तेव्हा कॉफीच्या झाडांखाली सापडला. पाठीवर मक्याचं पोतं तसंच होतं. तिने आधी पोतं सोडलं, त्याला ओझं होईल म्हणून.

इथे पाहुण्यांचे डोळे भरतात. शाळेचे पत्रे त्यावर आले, दवाखान्याच्या खाटाही त्यावरच आल्या. ती स्वतः मात्र कोरडी. तिला रडताना आम्ही कधी पाहिलंच नाही. मला या मदतवाल्यांचा मनापासून कंटाळा येतो. दर वेळी माणसं नवी, आणि जुन्यांनी जे ऐकलं ते नव्यांना सांगायला त्यांच्यात कुणाला तोंड नसतं.

यंदा गोष्ट नळाची होती. घळीतल्या झऱ्यावरून पाणी वाहून आम्हा बायकांच्या माना मोडल्यात. तिला बोलवायला मीच गेले. ती चुलीपुढे मक्याची कणसं सोलत होती.

"दाढ दुखतेय म्हणून सांग," ती म्हणाली.

"तिया, लिबोरियो दाढेसकट उचलून नेईल तुला."

ती हसली नाही. "दमले गं मी. जीप आली की पोराला मारायचं. किती वेळा मारू?"

तरी ती उठली. पाणी तिलाही वाहावं लागत होतंच.

खुर्च्यांवर दोन परदेशी बाया होत्या, शेजारी राजधानी दिलीहून आलेला दुभाष्या. ओलांदिना सांगू लागली, पण भलतंच. नातालिनो किती आळशी होता, त्याला उठवता उठवता तिचा घसा कसा बसायचा, आणि चर्चमध्ये तो इतका बेसूर गायचा की पाद्री त्याला शेवटच्या रांगेत उभं करायचे. बाया हसल्या. मग एकीने विचारलं, पुढे काय झालं?

"पुढे काही नाही," ओलांदिना म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हातातोंडाशी आलेलं पाणी चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. लिबोरियोने घसा खाकरला आणि तोच पुढे सांगू लागला. त्याला नळ हवा होता, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. गोष्ट त्याला शब्दन् शब्द पाठ होती. घरं जळाली, आम्ही रानात गेलो, पोरगा मका आणायला उतरला. पण पोत्यापाशी आल्यावर त्याला पुढचं बोलताच येईना. दोनदा तोंड उघडून त्याने मिटलं. मग पाहुण्यांकडे पाठ करून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तिया," तो म्हणाला, "तुझा नातालिनो गेला."

ओलांदिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. मयताच्या घरी बसतात तशा आम्ही तिच्या भोवती बसलो आणि आम्हीही रडलो. दुभाष्याने काही सांगितलं नाही. जीप कधी गेली ते कळलं नाही. नळाचं अजून कुणी काही कळवलेलं नाही.

संध्याकाळी मी तिला घरी सोडायला गेले. तिचा आवाज पार बसला होता.

"इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "माझ्याकडे बातमी घेऊन कुणी आलंच नव्हतं गं."